देवधानातले आठ चौकोन

आमच्या तलावात एक धान उगवतं, ते कुणी पेरत नाही. त्याला देवधान म्हणतात. बारीक, उंच, कमरेएवढ्या पाण्यात उभं. लोंबीला लांबच लांब कुसळं, आणि पिकलं की हात लागायच्या आत दाणा पाण्यात गळतो. त्यामुळे ते कापता येत नाही. विळा घेऊन गेलात तर हातात नुसती काडी येईल. माझी माय गेली चाळीस वर्षं ते गोळा करते आहे आणि तिच्या हातून मूठभर देवधान वाया गेलेलं मी पाहिलं नाही. हे आज मी अभिमानानं सांगते आहे. तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं आणि वर एम.एस्सी.ची पदवी होती, म्हणजे माहीत नसल्याची लाजही नव्हती.

गाव आमचं साकोली तालुक्यात, एकोडीहून सायकलनं येता येईल इतकं जवळ. चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, मधे तलाव, तलाव अडवणाऱ्या मातीच्या पारेवर मोहाची झाडं. पलीकडच्या मोहल्ल्यातल्या बायांना ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं, म्हणून त्या आदल्या हंगामातलं देवधान मडक्यात जपून ठेवतात. आमच्या घरी ऋषिपंचमी नाही. छप्पन सालानंतर आजोबांनी जे सोडलं ते सोडलं, पण देवधान काही सोडलं नाही. बुद्धपौर्णिमेची खीर आमच्याकडे याच तांबूस तांदळाची होते. ती खाल्लेल्या माणसाला दुकानच्या तांदळाची खीर म्हणजे आजाऱ्याची पेज वाटते.

आश्विनात दाणा भरू लागला की दोन्ही मोहल्ल्यांतल्या बाया पाण्यात उतरतात. चार-पाच लोंब्या एकत्र पिळायच्या आणि चिंधीनं बांधून टाकायच्या. मग दाणा सुटला तरी कुसळांच्या गुंत्यात अडकून राहतो. काही दिवसांनी खाली टोपली धरायची, गाठ सोडायची आणि झटकायचं. मी हे लहानपणापासून पारेवरून पाहत होते. पारेवरूनच, कारण माय मला पाण्यात येऊ देत नसे. "तू पुस्तक धर," म्हणायची, "चिखल धराले मी हाओ ना." मी पुस्तक धरलं. कॉलेजसाठी भंडाऱ्याकडे गेले, मामाच्या जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये राहून शिकले आणि वनस्पतिशास्त्रात पहिली आले. मग नोकरी मिळेना म्हणून घरी परतले आणि मायच्या डोक्यावर बसले.

अशात आमच्या तलावावर संशोधन करायला एक मॅडम आल्या. शहरातल्या, पन्नाशीच्या, पायात गमबूट, बोलणं मोजून-मापून. रानटी धान हा त्यांचा विषय. बांधीतल्या धानाचे परागकण वाऱ्यानं उडून रानटी धानात मिसळतात आणि अस्सल रानटी जात हळूहळू पुसली जाते, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. दुष्काळ सोसण्याचा, रोगाशी झुंजण्याचा गुण अशा रानटी जातींतच टिकून असतो, म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ त्यांच्या मागे आहेत हेही वाचलं होतं. आमच्या तलावाचा पूर्वेकडचा कोपरा बांध्यांपासून दूर आहे. तिथलं देवधान पाहून मॅडम पारेवर मटकन खाली बसल्या. "इतकं शुद्ध, इतकं दाट! हे टिकलं कसं?" असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. मला त्यांनी मदतनीस म्हणून घेतलं. गावातली मुलगी, विषय शिकलेली, पोहता येणारी. मी तर आठवडाभर जमिनीवरून चालतच नव्हते.

मॅडमचा प्रश्न सरळ होता. बाया दरवर्षी दाणे काढून नेतात, त्यानं देवधान कमी होतं का? त्यासाठी त्यांनी त्या कोपऱ्यात आठ चौकोन ठरवले. चार चौकोनांना जाळी लावायची, आत कुणी जायचं नाही. उरलेले चार उघडे. तिथं बायांनी नेहमीसारखं देवधान काढायचं. दोन हंगाम मोजायचं आणि तुलना करायची. बाया ज्याअर्थी सगळीकडे काढतात त्याअर्थी तिथंही काढतीलच, त्यांना मुद्दाम सांगायला नको, सांगितलं की वागणं बदलतं, असं मॅडम म्हणाल्या. मी मान हलवली. शास्त्र म्हणजे शास्त्र.

उघड्या चौकोनांच्या खुणा ठेवायचं काम माझ्याकडे होतं. बांबूच्या खुंट्या ठोकल्या तर मासे धरणारे त्या जाळ्यासाठी उपटून नेत. मग मी डोकं चालवलं. आमच्या दाराआड मायचं चिंध्यांचं गाठोडं टांगलेलं असतं. निळी साडी होती तिची, पिवळ्या काठाची, कितीतरी वर्षं चौदा एप्रिलला तीच नेसायची. अख्ख्या गावाला ती साडी पाठ. फाटली तेव्हा तिनं तिच्या चिंध्या केल्या होत्या. त्यातल्या ओंजळभर मी उचलल्या आणि चारही चौकोनांच्या कडेकडेनं देवधानाच्या ताटांना बांधून आले. पाण्यावर निळ्या चिंध्या लांबून उठून दिसत. मॅडमनीही "छान सुचलं" म्हटलं. एवढं कौतुक मला विद्यापीठानंसुद्धा केलं नव्हतं.

काढणीच्या दिवसांत मॅडमच्या सांगण्यावरून त्या कोपऱ्याकडे फिरकायचं नाही, एरवी दोन हंगाम मी मोजत राहिले. चिखलात दोरी ताणून, वहीत रोपं मांडून, कडक उन्हात. निकाल आला तो असा: जाळीतल्या आणि उघड्या चौकोनांत काही फरक नाही. दोन्हीकडे देवधान विरळ होत चाललेलं आणि दोन्हीकडे बेशरम माजलेली. ही बेशरम म्हणजे ती जांभळ्या फुलांची झुडपं, तलाव दिसला की घुसणारी, तोडली तरी कांडीवरून परत फुटणारी. नाव ज्यानं ठेवलं त्याला माझा दंडवत. मॅडमनी अहवालाचा मसुदा केला. त्यात लिहिलं की बायांच्या गोळा करण्यानं देवधानाला काही फायदा दिसत नाही, धान मात्र घटतं आहे, सबब हा दुर्मिळ कोपरा तारेच्या कुंपणानं बंद करावा आणि आतलं काम तज्ज्ञांच्या देखरेखीखाली व्हावं. मसुदा ग्रामपंचायतीत गेला. तारेचं कुंपण म्हटल्यावर पंचायतीतल्या दोघा-तिघांचे डोळे चमकले. पुढच्या ग्रामसभेत ठराव घ्यायचा ठरलं.

मी ही बातमी मायला दुपारी अंगणात सांगितली. ती सुपात धान पाखडत होती. मी मोठ्या रुबाबात सांगितलं की दोन वर्षांच्या निरीक्षणातून असं सिद्ध झालं आहे, वगैरे. तिचं सूप थांबलं.

"म्हंजे आमाले तिकडे जाऊ देनार नाही?"

"तलाव वाचवायचा आहे, माय. तुम्ही काढलं काय नि नाही काढलं काय, फरक पडत नाही. मोजलंय मी."

"त्या चौकोनातलं कोनी काढलं?"

"म्हणजे? बायांनी. उघडेच होते ना ते."

मायनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "कोनीच नाही काढलं, बाई. माह्या चिंध्या होत्या ना त्याले."

मला आधी कळलंच नाही. मग तिनं सांगितलं. प्रत्येक बाईची चिंधी ठरलेली असते. कुणाची हिरवी, कुणाची छापील, कुणाची लाल काठाची. जिची चिंधी तिची लोंबी. दुसरीच्या चिंधीच्या पुढे कुणी हात घालत नाही, पायसुद्धा टाकत नाही. आमच्या गावात शेताच्या धुऱ्यावरून रोज एक भांडण होतं, पण चिंधीवरून झालेलं कुणाला आठवत नाही. हे दोन्ही मोहल्ल्यांना, सहा वर्षांच्या पोरीपासून काठी टेकणाऱ्या म्हातारीपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. माहीत नव्हतं ते गावात फक्त एकीला, जी पारेवर बसून पुस्तक धरत होती.

म्हणजे चार चौकोनांना मायच्या चिंध्या पाहून बायांनी समजून घेतलं की सगळ्यात दाट जागा हिनं एकटीनं धरली. त्या तिथं गेल्या नाहीत. माझे उघडे चौकोनही बंदच होते. मी दोन वर्षं बंद चौकोनांची तुलना बंद चौकोनांशी करत होते.

"मग तू का नाही काढलंस?" मी ओरडलेच. "तुझ्या चिंध्या होत्या ना?"

"तुह्या कामाच्या होत्या ना त्या. मले वाटलं, ते ठेवाचंच असन. मी काहून हात लावू?"

"आणि बाया काही बोलल्या नाहीत तुला?"

तिनं सूप पुन्हा हलवायला घेतलं. "बोलल्या ना. हावरी झाली म्हने म्हातारी. मागच्या साली मले बलावलंच नाही कोनी. मी एकटीच जात होती पाण्यात."

"आणि तू सांगितलं नाहीस, की या चिंध्या माझ्या पोरीनं बांधल्या?"

"कशी सांगू? तुले नावं ठेवली असती मंग." एवढं बोलून ती धान पाखडायला लागली.

मी रडले. सांगायला लाज कसली. रागही आला, आधी तिचा, मग माझा, मग त्या पदवीचा. चाळीस वर्षं जिच्या शब्दाला तलावात मान होता तिनं दोन हंगाम हावरी हे नाव माझ्यासाठी मुकाट्यानं सोसलं. आणि त्या सोसण्यानंच माझं सगळं मोजमाप खोटं झालं. त्यावर आता तलाव बंद होणार होता. गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. मॅडमचा अहवाल छापला गेला असता आणि त्यात मदतनीस म्हणून माझं नाव आलं असतं. सकाळी पहिल्या बसनं मी साकोलीला, मॅडमच्या मुक्कामी गेले.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"म्हणजे आपण दोन वर्षं मोजलं तरी काय?"

"माझ्या मायची चिंधी मोजली, मॅडम."

"तुम्ही याच गावच्या ना?" एवढंच त्या म्हणाल्या आणि ते मला थोबाडीत मारल्यासारखं लागलं. नोकरी गेली असं धरून मी उठले. तर म्हणाल्या, "बसा. चूक माझीही आहे. बायकांना सांगायचं नाही हे मी ठरवलं होतं. मला वाटलं, मी त्यांना फक्त बघते आहे. त्याही आपल्याकडे बघत असतील हे सुचलंच नाही." त्यांनी मसुदा परत मागवला आणि पंचायतीला कळवलं की अजून एक हंगाम थांबा, आमचं मोजमाप चुकलं आहे. मोठ्या माणसानं असं लिहून देणं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्यांच्याबद्दल माझ्या मनात तोवर धाक होता, त्या दिवसापासून आदर आहे.

मायचं नाव मात्र मलाच धुऊन काढायचं होतं. पिठाच्या चक्कीवर दुपारी बाया जमतात. चक्कीवाली काकू पलीकडच्या मोहल्ल्यातली, मायची पाण्यातली जुनी जोडीदारीण, आणि हावरी हा शब्द पहिल्यांदा तिच्याच तोंडून निघाला होता. तिथं सगळ्यांसमोर मी उभी राहिले आणि सांगितलं की चिंध्या मी बांधल्या, मायनं नाही. रीत मला ठाऊक नव्हती. माय मागे दाराशी उभी होती, पदराचं टोक चावत.

काकूनं चक्की बंद केली. मला सोडून ती थेट मायवर घसरली.

"काहून वो, तोंडात का मिठाचा खडा धरला होता? बोलाचं नाही? आमी काय काय बोलून राहिलो होतो तुले!"

"आयकत होती ना मी," माय म्हणाली.

"आयकत होती म्हनते! पाहा वो हिले!" काकूच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला तिनं मला शिव्या घातल्या. आमच्या पिढीला पुस्तकातलं सोडून काही येत नाही, असं ती बरंच काही म्हणाली. मी सगळं खाली मान घालून ऐकलं, कारण त्यातलं काहीच खोटं नव्हतं.

तिसऱ्या हंगामात जाळी तशीच ठेवली आणि उघडे चौकोन बायांनी आखले. चुना लावलेले बांबू आले, कपड्याचा तुकडा कुठंही नाही, आणि मासे धरणाऱ्यांना काकूनं स्वतः दम दिला. मीही पहिल्यांदा त्यांच्याबरोबर पाण्यात उतरले. पाचव्या मिनिटाला पोटरीला जळू चिकटली आणि मी अशी किंचाळले की बगळे उडाले. माय हसून हसून वाकली. दोन वर्षांत तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

पारेवरून जे दिसत नव्हतं ते पाण्यात दिसलं. बाया गाठ मारत पुढे सरकताना वाटेतली बेशरम मुळासकट उपटत आणि पाण्यात न टाकता पारेवर फेकत, वाळायला. त्यांना ते काम वाटत नव्हतं, वाट करणं वाटत होतं. गाठ सोडली की पहिला झटका टोपलीत नाही, पाण्यात. "पयला पाण्याचा," एवढंच त्या म्हणत. आणि पडलेला दाणा त्यांच्याच पायांनी चिखलात दाबला जाई, म्हणजे पाखरांच्या चोचीतून वाचे. मी हे सगळं वहीत लिहिलं. मॅडम पारेवर गमबूट घालून उभ्या होत्या. थोड्या वेळानं त्यांनी ते काढले आणि साडी खोचून पाण्यात आल्या.

पुढच्या पावसाळ्यात कोंब वर आले तेव्हा मोजायची गरजच नव्हती. तरी मी तीनदा मोजलं. बायांच्या चौकोनांत देवधान गच्च होतं. जाळीत मात्र बेशरमचं रान, आणि त्यात कुठं कुठं देवधानाची बिचारी काडी. टिकलं कसं, हा मॅडमचा पहिल्या दिवशीचा प्रश्न होता. त्याचं उत्तर चाळीस वर्षं माझ्या घरात जेवत-झोपत होतं, आणि मी ते शोधायला भंडाऱ्याला गेले होते.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत तारेचा विषय निघालाच. पंचायतीतल्या एका उत्साही सदस्याचं म्हणणं, अहवाल काहीही असो, कुंपण मंजूर होत असेल तर नाही कशाला म्हणायचं, तलावाची शोभा वाढेल. मॅडम बोलल्या, मी बोलले, लोकांनी जांभया दिल्या. तेव्हा मागच्या रांगेतून माय उठली. ग्रामसभेत ती कधी बोललेली नव्हती.

"तार लावाची त लावा," ती म्हणाली. "पन मंग आतली बेशरम कोन उपटन? तार उपटन का?"

सभा हसली. तो सदस्यही हसला. माय हसली नाही. हसणं ओसरेपर्यंत ती थांबली, आणि मग पलीकडच्या मोहल्ल्यातल्या बायांकडे हात करत म्हणाली, "देवधान देवानं नाही राखलं, बाप्पा. आमी राखलं. आमच्या मोहल्ल्यानं बी अन् यायच्या मोहल्ल्यानं बी." आणि खाली बसली. चक्कीवाली काकू जन्मभर ऋषिपंचमी करणारी बाई, पण हात पहिला तिचाच वर गेला. मग सगळ्या बायांचे गेले, मग पुरुषांचे. मी त्या वेळी टाळ्या वाजवायच्या विसरले. ही माझी माय आहे, असं ओरडून सांगावंसं वाटत होतं, जसं काही गावात कुणाला ते माहीत नव्हतं.

कुंपण आलं नाही. अहवाल आला, छापून, गुळगुळीत कागदावर. हे काम कुणी केलं, त्या पानावर कुणाची नावं घालायची यावर मी मॅडमशी भांडायच्या तयारीनं गेले होते, पण भांडावं लागलंच नाही. मॅडमच्या नावाखाली पाण्यात उतरणाऱ्या सगळ्या बायांची नावं होती, मायचं पहिलं, आणि माझं सगळ्यांच्या शेवटी. मला माझ्या नावाची ती जागा फार आवडली.

माय चौथीपर्यंत शिकलेली आहे. ओट्यावर बसून, ओळीखाली बोट ठेवत, तिनं ते पान मोठ्यानं वाचलं. स्वतःच्या नावावर थांबली नाही. वाचत वाचत खाली गेली, एका नावावर बोट टेकवलं आणि पान हातात घेऊन उठली.

"कुठं निघालीस?" मी विचारलं. "चहा ठेवलाय."

"चक्कीवर," ती चपला शोधत म्हणाली. "तिचं नाव हाय यात. तिले वाचता कोठं येते."